मोटोजीपीचा वीकेंड शुक्रवारपासून कसा बघावा: मुंबईकर प्रेक्षकासाठी

कितीतरी वर्षं मी मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकल शर्यतींचं जागतिक अजिंक्यपद, फक्त रविवारी बघायचो. साडेपाचला टीव्ही लावायचा, लाल दिवे विझले की ओरडायचं, सव्वासहाला बंद करून चहा ठेवायचा. एकदा लालबागच्या आमच्या गॅरेजवाल्या काकांना मी उत्साहानं सांगत होतो की शेवटच्या पाच लॅपमध्ये एकानं तिघांना कसं मागं टाकलं. ते कार्ब्युरेटर धूत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मागं टायर कुठला होता त्याचा?" मला माहीत नव्हतं. "मग बघितलंस काय तू?"

तेव्हापासून मी शुक्रवारपासून बघतो. रविवारची शर्यत बरीचशी शुक्रवारी संध्याकाळीच ठरत आलेली असते, आणि ती टायरवर ठरते. रायडर ग्रेट असतातच, पण टायर कळला नाही तर त्यांचा ग्रेटपणा कशात आहे तेही कळत नाही.

एक खुलासा. रोड रेसिंग म्हटलं की काहींना मध्यरात्रीनंतरचं वांद्रे रेक्लमेशन आठवतं. ते विसरा. इथं रोड म्हणजे बंदिस्त डांबरी सर्किट. मातीवरच्या मोटोक्रॉसहून वेगळं म्हणून तो शब्द. मुंबईत असं सर्किट नाही, आणि सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू या गुळगुळीत रस्त्यांवर दुचाकीला बंदीच आहे. त्यामुळं आपला मार्ग टीव्ही, फोन आणि वही.

आधी घड्याळ जुळवा

मोसमाचं वेळापत्रक आलं की सगळ्या फेऱ्यांच्या, म्हणजे एकेका सर्किटवरच्या शर्यतीच्या वीकेंडच्या, वेळा भारतीय वेळेत करून घ्या. युरोपातल्या फेऱ्या उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतात. हे गणित मुंबईकराच्या पथ्यावर पडतं. तिथली शुक्रवारची पहिली प्रॅक्टिस सहसा पावणेअकराला असते, म्हणजे आपल्याकडे सव्वादोन. तिथं दुपारी तीनला असलेली महत्त्वाची प्रॅक्टिस आपल्याकडे साडेसहाला. शनिवारी क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते ठरवणारं सत्र, दोन-वीसच्या सुमारास सुरू होतं, आणि स्प्रिंट ही छोटी शर्यत साडेसहाला. रविवारी खालच्या दोन वर्गांच्या शर्यती, मोटो३ अडीचला, मोटो२ पावणेचारला, आणि मुख्य शर्यत साडेपाचला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागं जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. मोसमाच्या शेवटच्या युरोपीय फेरीला हमखास फसायला होतं. मी एकदा तासभर आधी पाहुणे बोलावून त्यांना रिकाम्या पडद्यासमोर वडापाव खायला घातला आहे.

आशियातल्या फेऱ्या उलट्या. थायलंडमधलं बुरीराम आपल्यापुढं दीड तास, मलेशियातलं सेपांग अडीच, जपानचं मोतेगी साडेतीन. मोतेगीची शर्यत आपल्या रविवारच्या पोह्यांच्या वेळेला येते. ऑस्ट्रेलियाची त्याहून आधी, डोळे चोळत बघावी लागते. कतारची रात्री उशिरा. अमेरिकेतली ऑस्टिनची फेरी मात्र मध्यरात्र उलटल्यावर सुरू होते आणि सोमवारची लोकल कोणासाठी थांबत नाही. ती एक शर्यत मी दुसऱ्या दिवशी बघतो, आणि तोवर फोनवरचे सगळे ग्रुप म्यूट ठेवतो.

वेळा लिहिताना आपली पंचांगंही शेजारी ठेवा. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी आली आणि त्याच संध्याकाळी बार्सिलोनाची स्प्रिंट होती. गिरगावात मिरवणुकीच्या गर्दीत फोनला नेटवर्क मिळेल ही आशा मी बाळगली होती. मिळालं नाही. अशा दिवशी सरळ रेकॉर्डिंगवर विसंबा.

काय काय लागेल

चित्र कुठं दिसेल हे दर मोसमाच्या सुरुवातीला तपासा, कारण भारतातले प्रक्षेपणाचे हक्क हात बदलत राहतात. मोटोजीपीची स्वतःची सशुल्क व्हिडिओ सेवाही आहे. तिच्यात शुक्रवारची सत्रंही पूर्ण मिळतात.

दुसरी गोष्ट लाइव्ह टायमिंग. प्रत्येक रायडरची लॅप आणि लॅपच्या चार तुकड्यांची, म्हणजे सेक्टरची, वेळ तिथं दिसत राहते. लाल आकडा म्हणजे त्या सत्रातला सगळ्यांत जलद सेक्टर, नारिंगी म्हणजे त्या रायडरचा स्वतःचा सर्वोत्तम. शुक्रवारी साडेसहाला तुम्ही डोंबिवली फास्टमध्ये एका हातानं कडी धरून उभे असाल, तर व्हिडिओच्या नादी लागू नका. टायमिंगला डेटा किरकोळ लागतो, आवाज लागत नाही, आणि शेजारचा खांद्यावरून डोकावला तरी त्याला आकडेच दिसतात.

मात्र घरी दोन्ही लावलंत तर एक लक्षात ठेवा: इंटरनेटवरचं चित्र टायमिंगच्या मागं धावतं, कधीकधी अर्धा मिनिट. शेवटच्या लॅपला टायमिंग लावलेला मित्र खोलीत असेल तर त्याचा फोन काढून घ्या.

तिसरी गोष्ट, दोनशे पानी वही. पाच रकाने आखा: रायडर, पुढचा-मागचा टायर, टायरचं वय लॅपमध्ये, लॅपची वेळ, शेरा. पहिल्या पानावर सर्किटचा नकाशा हातानं काढा आणि डावी-उजवी वळणं मोजा. हे पोरकट वाटेल, पण करा. जर्मनीतल्या साक्सेनरिंगवर १३ वळणं आहेत, त्यांतली १० डावी. डावीकडं झुकत सलग वळणं घेत आलेला रायडर अकराव्या वळणाला एकदम उजवीकडं कलतो, तेव्हा टायरची उजवी कड बराच वेळ रस्त्याला न लागल्यानं गार पडलेली असते. तिथं वर्षानुवर्षं माणसं पडत आली आहेत. नकाशा काढलेला असेल तर ती पडझड तुम्हाला नशिबाचा खेळ वाटणार नाही.

शुक्रवार

दुपारची पहिली प्रॅक्टिस ४५ मिनिटांची. ऑफिसात असाल तर सोडून दिलीत तरी चालेल. रस्त्यावर धूळ असते, मशीन अजून बसवत असतात, आणि त्या वेळांना कुणी फार भाव देत नाही. फक्त कोण पडलं तेवढं संध्याकाळी वाचून घ्या.

साडेसहाची प्रॅक्टिस हे या वीकेंडचं काळीज. तास पूर्ण ६० मिनिटांचा, आणि त्यातले पहिले दहा जण शनिवारच्या क्यू२ मध्ये, म्हणजे क्वालिफाइंगच्या दुसऱ्या भागात, थेट जातात. उरलेल्यांना क्यू१ ची चाळणी लागते. म्हणून या एका तासात प्रत्येक टीमला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात: रविवारसाठी लांब पल्ल्याचा अभ्यास, आणि पहिल्या दहात यायला एक तुफान लॅप.

साधारण पाऊण तास अभ्यास चालतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत मागं नवा सॉफ्ट टायर चढतो आणि यादी दर मिनिटाला उलटीपालटी होते. टीव्हीवाले हाच भाग रंगवून दाखवतात. तुम्ही मात्र आधीच्या पाऊण तासात वही उघडी ठेवा.

टायरचा हिशेब थोडक्यात असा. २०१६ पासून मोटोजीपीला मिशेलिनचे टायर आहेत. पुढं सॉफ्ट, मीडियम, हार्ड असे तीन प्रकार मिळतात, मागं सहसा सॉफ्ट आणि मीडियम हे दोन. सॉफ्ट रबर पटकन तापतं, रस्ता घट्ट धरतं आणि लवकर संपतं. मागचा टायर संपला की वळणातून बाहेर पडताना चाक जागेवर फिरायला लागतं आणि रायडरला थ्रॉटल जपून उघडावा लागतो. पुढचा टायर मऊ पडला तर ब्रेक लावताना तो दबतो, मशीन वळायला कुरकुर करतं. २०० च्या वर वेग असताना ही कुरकुर रायडरच्या मनगटाला कळते, आपल्याला लॅपटाइमवरून.

म्हणून वहीत सगळ्या लॅप लिहू नका. पिटमधून, म्हणजे टीमच्या गॅरेजच्या गल्लीतून, बाहेर पडतानाची लॅप खोडा, नव्या टायरवरची विक्रमी लॅप खोडा, कुणी आडवा आला ती खोडा. टायरचं वय आठ-दहा लॅप झाल्यावर सलग ज्या लॅप येतात, त्या सोन्याच्या. समजा एकानं नव्या टायरवर १:३१.२ मारली आणि यादीत पहिला आला, पण जुन्या टायरवर तो १:३२.९, १:३३.१, १:३३.० असा चाललाय. दुसरा यादीत सातवा आहे, पण बारा लॅप वापरलेल्या टायरवर १:३२.५, १:३२.६, १:३२.५. दोघांत अर्ध्या सेकंदाच्या आसपास फरक. वीस लॅपला गुणा, आठ-दहा सेकंद होतात. रविवारी सातव्यावर पैसे लावणारा शहाणा ठरेल. (पैसे लावू नका. वडापाव लावा.)

आणखी एक सवय लावून घ्या: एका टीममधल्या दोघांची तुलना. मशीन तेच, टायर तोच, आणि तरी एकाचा तिसरा सेक्टर दर लॅपला दोन दशांशानं मंद? मग नकाशा काढा, तिसऱ्या सेक्टरमध्ये काय आहे बघा. लांबलचक वळण असेल तर त्याला पुढच्या टायरवर भरवसा नाहीये. जोरदार ब्रेकिंग असेल तर कारण वेगळं. दर वेळी बरोबर येईल असं नाही, पण दोन-तीन फेऱ्यांत डोळा तयार होतो.

पिवळ्या झेंड्याची एक भानगड शुक्रवारी आणि शनिवारी डोकं फिरवते. कुणी पडलं की मार्शल पिवळा झेंडा हलवतात आणि त्या सेक्टरमधून गेलेल्यांची ती लॅप रद्द होते. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी घसरला की मागून जिवावर उदार होऊन येणाऱ्या चौघा-पाचांची मेहनत पाण्यात. वहीत अशा रद्द झालेल्या लॅपसमोर खूण करा, कारण त्या माणसाचा वेग खरा होता, फक्त यादीत दिसत नाही.

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं द्या आणि तीन नावं लिहा: रविवारचा तुमचा पहिला, दुसरा, तिसरा. यादी न बघता, फक्त जुन्या टायरवरच्या लॅप बघून.

शनिवार

दोन-वीसला क्यू१, पंधरा मिनिटं. पहिले दोघं क्यू२ मध्ये जातात, आधीच्या दहांत मिळून बारा होतात, आणि दोन-पंचेचाळीसपासून पुढच्या पंधरा मिनिटांत ते पहिल्या चार रांगा ठरवतात. एका रांगेत तीन. ही ग्रिड, म्हणजे सुटतानाची मांडणी, स्प्रिंटला आणि रविवारच्या शर्यतीलाही तीच, म्हणजे एका लॅपवर दोन शर्यतींची जागा. आजकालच्या मशीनवरचे पंख आणि त्यांच्या मागं ढवळलेली हवा यांमुळं पुढच्याला गाठून ओलांडणं अवघड झालंय, त्यामुळं चौथ्या रांगेतल्याचा अर्धा रविवार इथंच जातो.

यात बघायची गंमत म्हणजे टेहळणी. काही रायडर मुद्दाम रेंगाळतात, कुणीतरी जलद मागून येईल, पुढं जाईल आणि त्याच्या हवेच्या आडोशानं आपली लॅप निघेल म्हणून. रेषेवर रेंगाळून दुसऱ्याला अडवलं तर ग्रिडवर जागा कापल्या जातात. क्वालिफाइंगमध्ये कोण स्वतःच्या बळावर लॅप काढतो आणि कोण शेपूट धरून, तेही शेऱ्यात लिहा. शेपूट धरणारा रविवारी एकटा पडला की उघडा पडतो.

साडेसहाला स्प्रिंट. २०२३ पासून प्रत्येक फेरीत असते, मुख्य शर्यतीच्या निम्म्या अंतराची, वीस मिनिटांचा कारभार. पहिल्या नऊ जणांना गुण: १२, ९, ७, ६, ५, ४, ३, २, १. रविवारी २५, २०, १६, १३, ११ आणि पुढं १० पासून एकेक कमी होत पंधराव्याला एक. स्प्रिंटचा विजय ग्रां प्री विजयांच्या, म्हणजे रविवारच्या मुख्य शर्यतीतल्या विजयांच्या, मोजणीत धरत नाहीत, हे वादावादीत उपयोगी पडतं.

स्प्रिंटला पेट्रोल १२ लिटर, रविवारी २२. हलकं मशीन, मागं बहुधा सॉफ्ट टायर, वाचवून ठेवायला काही नाही. म्हणून सगळी धक्काबुक्की पहिल्या दोन लॅपमध्ये असते. आमच्या घरी याच वेळी आईची मालिका लागते, तेव्हा तह असा आहे की पहिली दहा मिनिटं माझी.

मात्र स्प्रिंट जिंकणाराच रविवारी जिंकेल असं समजू नका. सॉफ्ट टायर दहा-बारा लॅप टिकतो. तेराव्या लॅपनंतर काय होतं ते स्प्रिंट सांगत नाही, तुमची शुक्रवारची वही सांगते.

रविवार

दुपारचं जेवण आटोपून मोटो३ बघा, निदान शेवटच्या पाच लॅप. २५० सीसीची एक सिलिंडरची मशीनं, एका हवेच्या झोतात दहा-पंधरा पोरं. मोटो२ मधली सगळी मशीनं ट्रायम्फच्या ७६५ सीसी इंजिनावर चालतात, त्यामुळं तिथं इंजिनाचं निमित्त सांगता येत नाही. या दोन शर्यतींतून तुम्हाला कामाच्या दोन गोष्टी कळतात: वारा कुठून आहे, आणि माणसं कुठल्या वळणाला पडतायत.

मित्राकडं जाणार असाल तर मेगाब्लॉक आधी बघा. साडेपाच म्हणजे ब्लॉक उठून गाड्या रांगेला लागण्याचीच वेळ. पाचला पोचायचं ठरवा, कारण ग्रिडवरची दहा मिनिटं चुकवायची नाहीत.

मशीन ग्रिडवर उभी असताना टायरवर गरम ब्लँकेट असतात. कॅमेरा एकेकाजवळ जातो तेव्हा पडद्यावर पुढचा-मागचा टायर दिसतो. वहीत उतरवा. वीस जणांनी मागं मीडियम घेतला आणि दोघांनी सॉफ्ट, तर ते दोघं पहिल्या सहा लॅपमध्ये उड्या मारणार आणि शेवटी रडणार, किंवा त्यांना काहीतरी माहीत आहे जे इतरांना नाही. दोन्ही वेळा बघायला मजा.

आता हवेचा दाब. आपण पंपावर पुढच्या चाकात पंचवीस ते तीस पीएसआय हवा भरतो आणि विसरून जातो. मोटोजीपीत पुढच्या टायरचा किमान दाब १.८ बार ठरवून दिलाय, म्हणजे २६ पीएसआयच्या आसपास. आकडा तुमच्या कम्युटरसारखाच, पण शर्यतीतल्या किमान ६० टक्के लॅप तो याच्या वर राहायला हवा, स्प्रिंटमध्ये ३० टक्के. नाही राहिला तर रविवारी वेळेत १६ सेकंद वाढवतात, स्प्रिंटला ८.

यात मेख अशी आहे. दुसऱ्याच्या मागं लागून चाललात तर गरम हवा अंगावर येते, पुढचा टायर तापतो आणि दाब चढतो. फार चढला की टायर फुग्यासारखा होतो आणि ब्रेक लावताना घसरतो. एकटे पुढं गेलात तर गार हवेनं दाब उतरतो. म्हणजे तंत्रज्ञाला सुरुवातीलाच अंदाज बांधावा लागतो की आपला माणूस पुढं पळणार की गर्दीत अडकणार, आणि त्याप्रमाणं हवा भरावी लागते.

२०२५ ची थायलंडची शर्यत हा त्याचा वस्तुपाठ. मार्क मार्केझ आरामात पुढं होता. सातव्या लॅपला त्यानं धाकटा भाऊ ॲलेक्सला वाट दिली आणि मागं जाऊन बसला. काही लोकांना वाटलं मशीन बिघडलं. तो भावाच्या मागच्या गरम हवेत टायरचा दाब वाढवत होता. लॅपांचा कोटा भरल्यावर शेवटच्या काही लॅप उरल्या असताना पुढं गेला आणि जिंकला. त्याच वर्षी कतारला मावेरिक विन्यालेस दुसरा आला, पोडियमवर उभा राहिला, आणि नंतर दाबाच्या नियमानं १६ सेकंद लागून चौदावा झाला. तेव्हा शर्यत संपवणाऱ्या चेकर्ड झेंड्यानंतर लगेच टीव्ही बंद करू नका. निकाल पक्का व्हायला वेळ लागतो.

शर्यत सुरू झाली की मी अशी विभागणी करतो. पहिल्या तीन लॅप नुसत्या बघायच्या, काही लिहायचं नाही. दिवे विझल्यावर पहिल्या वळणापर्यंत मशीनची पुढची बाजू खाली दाबून धरणारं यंत्र काम करतं, म्हणून इतक्या ताकदीचं मशीनही पुढून उडत नाही. मागची बाजू खाली बसवणारं यंत्र प्रत्येक सरळ पट्ट्यावर चालतं. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला २०२५ मध्ये फाबियो क्वार्टारारो भरपूर आघाडीवर असताना नेमकं हेच यंत्र अडकलं आणि हातातली शर्यत गेली. २०२७ पासून ही यंत्रं बंद, इंजिन १००० वरून ८५० सीसी, टायरही पिरेलीचे. म्हणजे आपल्या वह्या कोऱ्या.

चौथ्या लॅपपासून मधल्या टप्प्यापर्यंत पहिल्या आठ जणांच्या लॅपटाइम उतरवा, रोजच्या दूधवाल्याच्या हिशेबासारख्या, एकाखाली एक. कुणाचा आकडा हळूहळू चढतोय, कुणाचा स्थिर आहे, दिसायला लागेल. पाचव्या जागेवरचा माणूस स्थिर आणि पुढचे चौघे दर लॅपला एक दशांश हरवतायत, तर खोलीतल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. नंतर सांगितलेलं कुणी मानत नाही.

शिक्षा कशी भोगतात तेही डोळ्याखाली असू द्या. लाँग लॅप म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला आखलेला लांबचा वळसा. तो घेताना दोन-तीन सेकंद जातात. सुरुवातीला दिव्याआधी हलला तर असे दोन. सर्किटची हद्द वारंवार ओलांडली तरीही असा वळसा घ्यावा लागतो.

शेवटच्या सहा लॅपमध्ये वही मिटा. एवढा अभ्यास केल्यावर आता ओरडायचा हक्क आहे.

पाऊस आला तर

मुंबईकराला पावसाचं कौतुक सांगायला नको, पण इथला नियम समजून घ्या. प्रत्येक रायडरकडे दोन मशीन असतात. कोरड्यात सुरू झालेल्या शर्यतीत पाऊस आला की पांढरा झेंडा दाखवतात, मग पिटमध्ये येऊन पावसाळी टायर लावलेल्या दुसऱ्या मशीनवर उडी मारता येते. कधी यायचं हे रायडरनं ठरवायचं. एक लॅप लवकर आलात तर अर्धवट ओल्यात टायर जळतो, उशिरा आलात तर आडवे.

२०२५ मध्ये ऑस्टिनला शर्यत सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी मार्केझ ग्रिड सोडून पिटकडे पळत सुटला, पाठोपाठ दहाएक जण पळाले, आणि सुरुवातच थांबवावी लागली. पुढं त्यानंच सांगितलं की ते ठरवून केलं होतं. त्याच वर्षी ११ मे रोजी फ्रान्समधल्या ले माँला योहान झार्को ओल्याचे टायर लावून बसून राहिला, बाकीचे मशीन बदलत बसले, आणि तो घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकला. वरच्या वर्गात घरच्या मैदानावर फ्रेंच माणूस त्याआधी जिंकला होता १९५४ मध्ये.

अशा दिवशी शुक्रवारची सगळी गणितं बाजूला ठेवा. पुढचा टायर लवकर कोण तापवतो आणि ओल्यात कोण आधीपासून बरा आहे एवढंच बघा. तीन नावांचं भाकीत मात्र खोडायचं नाही, हरलं तर हरलं.

एकदा तरी प्रत्यक्ष

भारतात मोटोजीपी आजवर एकदाच आली, २०२३ च्या सप्टेंबरात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. मार्को बेझेक्की जिंकला. उकाडा असा की शर्यत २४ लॅपवरून २१ वर आणली. त्याच वीकेंडला चेन्नईचा कडाई यासिन अहमद मोटो३ मध्ये वाइल्डकार्डवर, म्हणजे एका फेरीपुरत्या खास प्रवेशावर, उतरला होता. पुढच्या वर्षीची फेरी रद्द झाली.

तेव्हा मुंबईहून सोयीचं ठिकाण सेपांग. सर्किट क्वालालंपूरच्या विमानतळाला लागून आहे. मुख्य ग्रँडस्टँड दोन समांतर सरळ पट्ट्यांच्या मधोमध आहे, त्यामुळं शेवटच्या वळणाचं ब्रेकिंग तिथून दिसतं. दुपारी पाऊस कोसळू शकतो, म्हणून छपराखालचं तिकीट घ्या. तीन दिवसांचं घ्या, आणि शुक्रवारी स्टँडवर बसून न राहता चालत फिरा. एखाद्या वळणाला दहा मिनिटं उभं राहिल्यावर कोण किती उशिरा ब्रेक लावतो ते टीव्हीपेक्षा स्वच्छ कळतं. कानात घालायचे बोळे विसरलात तर पहिल्याच सत्राला पश्चात्ताप होईल.

परदेश नको असेल तर चेन्नईची रेल्वे धरा. श्रीपेरंबुदूरजवळच्या ३.७ किलोमीटरच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या होतात, काही कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर. वेग कमी, मशीन लहान, पण वीकेंडचा सांगाडा तोच: प्रॅक्टिस, क्वालिफाइंग, शर्यत. मी गेलो तेव्हा सकाळी तांत्रिक तपासणीच्या रांगेत उभी असलेली मशीनं हातभर अंतरावरून बघता आली, आणि एका मेकॅनिकनं न विचारताच वापरलेल्या टायरची कड बोटानं दाखवली. पाणी भरपूर न्या, टोपी न्या, आणि वही न्या. लाइव्ह टायमिंगला तिथं नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून साधं स्टॉपवॉचही खिशात ठेवा.